पाचवी पाटील, सातवी पाटील

आमच्या विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल संघाचा इतिहास वार्षिक अहवालांतून शोधायला गेलात, तर बहुतेक वर्षांपुढे एकच शब्द सापडेल : सहभाग. सहभाग म्हणजे गेलो, खेळलो, हरलो आणि परत आलो. मी या संघाबरोबर सतरा वर्षं होते. कधी प्रशिक्षक म्हणून, कधी व्यवस्थापक म्हणून, बहुतेक वेळा दोन्ही. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. विद्यापीठाच्या या अंकासाठी संघाचा इतिहास लिहा, असा निरोप आला तेव्हा मी जुने अहवाल पुन्हा काढून वाचले. त्यांतलं एक वाक्य माझ्या हातचं आहे आणि ते खोटं आहे. लिहायचं आहे ते त्याबद्दलच. पण आधी खेळ सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

सॉफ्टबॉल मऊ नसतो. हे मी आजवर किती पालकांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. शिरपूरकडचे एक वडील मुलीचं प्लास्टरमधलं बोट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. "नावमाच मऊ शे ना मॅडम, मंग पोरनं बोट कसं काय मोडनं?" चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा असतो आणि छातीवर बसला तर श्वास अडकतो. संघात नऊ जणी. मैदानावर चार कोपऱ्यांचा एक चौकोन आखलेला. मधोमध उभी राहून एक मुलगी चेंडू टाकते, तोही हात खालून फिरवून. जिच्या हातात बॅट ती तो मारते आणि एकेक कोपरा शिवत धावत सुटते. चारही कोपरे फिरून घरी, म्हणजे निघाली त्या जागी, आली की एक धाव. एका बाजूच्या तिघी बाद झाल्या की दुसऱ्या बाजूने बॅट घ्यायची. असे सात डाव. वडीलमंडळींना मी सांगायची, खो-खो आणि क्रिकेट यांच्या मधलं काहीतरी आहे. मग ते मान डोलवायचे. त्यांना काही कळलेलं नसायचं, पण खो-खो शब्दाने धीर यायचा.

मी मूळची खो-खोचीच. धुळ्याच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवत होते. एका वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं की मुलींचा सॉफ्टबॉल संघ बाहेर पाठवायचा आहे, तयारी तुम्ही करून घ्या. मी तो खेळ उभ्या जन्मात पाहिला नव्हता. नियमांचं पुस्तक धुळे ते जळगाव एसटीत वाचून काढलं, एरंडोलपर्यंत अर्धं झालं. हातमोजे आले तेव्हा सगळ्या मुलींनी ते उजव्या हातात चढवले, कारण उजवा हात कामाचा. मोजा दुसऱ्या हातात घालायचा आणि कामाचा हात फेकायला मोकळा ठेवायचा, हे चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत त्या बिचाऱ्या डाव्या हाताने फेकत होत्या आणि चेंडू शेजारच्या शाळेत जाऊन पडत होते.

पहिला संघ मी खो-खोच्याच मुलींतून उभा केला. धावायला त्यांना तोड नव्हती. पण खांबाला वळसा घालावा तसा त्या कोपऱ्याला वळसा घालून निघून जात, त्याला पाय लावतच नसत, आणि पंच त्यांना एकामागून एक बाद देत. फरक फार वाढला की सामना मधेच थांबवतात, असा या खेळात एक दयाळू नियम आहे. तो आम्हाला तिसऱ्या डावातच लागू झाला. परतीची गाडी दोन दिवसांनंतरची होती. ते दोन दिवस आम्ही प्रेक्षकांत बसून दुसऱ्यांचे सामने पाहिले, आणि खरं सांगायचं तर हा खेळ मी तिथे शिकले.

पुढे जळगाव, चोपडा, शहादा अशा ठिकाणी महाविद्यालयांचे संघ झाले. मुली शाळेपासूनच खेळून येऊ लागल्या. आम्ही एखादा सामना जिंकू लागलो, मग दोन. विभागीय स्पर्धेत पहिल्या चारांत आलं की देशपातळीवर खेळायला मिळतं. तिथे मात्र आम्ही कधीच पोचलो नव्हतो.

आमच्याकडे एक अडचण होती, जी बाहेरच्यांना गंमत वाटते. आमच्या भागात मैदानावर उभं राहून "पाटील!" अशी हाक मारली तर निम्मा संघ वळून बघतो. एका वर्षी सोळाजणींत नऊ पाटील होत्या. मी त्यांना नावानेच हाक मारायची, पण कागदावर आडनाव आधी लागतं. ज्या संघाबद्दल सांगते आहे त्यात दोन पाटील अशा होत्या की त्यांच्या नावांची आद्याक्षरंसुद्धा एकच. वर्षा पाटील आणि वैशाली पाटील.

वर्षा सावद्याजवळच्या एका खेड्यातली. घरची केळी. ती चेंडू टाकणारी. पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा ती भालाफेकीच्या निवडीला आली होती आणि भाला तिला मुळीच जमत नव्हता. मैदानाच्या कडेला आमचा चेंडू पडला, तो तिने खालून हात फिरवून परत टाकला. तो सरळ माझ्या हातात येऊन बसला, चांगला पन्नास पावलांवरून. मी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"शिकले नाही मॅडम. उन्हाळ्यात आम्ही टरबूज लावतो. गाडी भरताना असंच टाकतात."

तिला बाहेरगावी पाठवायचं की नाही हे तिचे आजोबा ठरवणार होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. मी घरी गेले, तर ते म्हणाले, आधी मी खेळ पाहीन. आणि खरंच आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर. जळगावच्या मैदानावर कडुलिंबाखाली खुर्ची टाकून दोन तास बसले. उठताना मला जवळ बोलावलं.

"मॅडम, हा खेय मले काही समजला नही. पन टरबूज जोरात फेकलं तं समोरच्याच्या हातात फुटते. नेमानं टाका लागते. तिले तेवढं येते." मग म्हणाले, "घेऊन जा. पन तिच्या नावाला बोल नको."

वैशाली नरडाण्याची. वडील रेल्वेत हंगामी कामाला, आई घरी शिवणकाम करी. ती चेंडू झेलणारी, म्हणजे बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून वर्षाने टाकलेला प्रत्येक चेंडू अडवणारी. या दोघींचं नातं संघात वेगळंच असतं. कुठला चेंडू टाकायचा हे झेलणारी दोन गुडघ्यांमध्ये बोटांनी खूण करून सांगते. एक बोट म्हणजे वेगाचा, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे बाहेरचा. टाकणारीला ते पटलं तर ती टाकते, नाहीतर मान हलवते. वर्षा सहसा मान हलवत नसे. एक केळीच्या पट्ट्यातली, एक कापसाच्या. एकीची बोली दुसरीला नीट कळत नसे आणि त्यावरून दोघी हसत. शिबिरात एका ताटात जेवायच्या. बाकीच्या मुली त्यांना जुळ्या पाटील म्हणायच्या.

त्या वर्षीची विभागीय स्पर्धा दुसऱ्या राज्यात होती. आम्ही तीन सामने जिंकलो. चौथा जिंकला की पहिल्या चारांत. सकाळी मैदानावर पोचलो तेव्हा वैशालीचा अंगठा सुजला होता, आदल्या दिवशीच्या सामन्यात चेंडू लागला होता. डॉक्टर तिला पट्टी बांधत होते. बॅट धरणं तिला जड जाणार हे दिसत होतं. एरवी वैशाली पाचवी बॅट करायची आणि वर्षा सातवी. मी वर्षाला बाजूला घेऊन म्हटलं, "आज तू पाचवी जा. वैशालीला सांग, तू सातवी."

वर्षाने तिला सांगितलं. माझं म्हणून सांगितलं. मी स्वतः वैशालीशी बोलले नाही.

सामन्याआधी व्यवस्थापकाला एक यादी भरून पंचांना द्यावी लागते. कोण कितवी बॅट करणार, तिच्या अंगावरचा नंबर कोणता, ती मैदानात कुठे उभी राहणार. एकदा ती दिली की तोच क्रम. मी ती यादी मैदानावरच्या एका दगडी कट्ट्यावर बसून भरली. पाचव्या ओळीत लिहिलं, पाटील व्ही. सातव्या ओळीत लिहिलं, पाटील व्ही. आणि हाताच्या सवयीने पाचवीपुढे चौदा नंबर घातला, सातवीपुढे अकरा. चौदा नंबर वैशालीचा. वर्षा अकरा. मी यादी एकदा वाचून पाहिली होती. पाचवी पाटील व्ही., सातवी पाटील व्ही. बरोबर वाटली. दिली.

आता हा नियम समजून घ्या. क्रम चुकवून कुणी बॅट करायला आली तर पंच आपणहून काही बोलत नाहीत. समोरच्या संघाने तक्रार करायची असते. आणि ती तक्रार केव्हा करायची, हे त्यांच्या हातात असतं. चुकीची मुलगी बाद झाली तर ते गप्प राहतात, त्यांचा तोटा काय? तिने चेंडू मारला, तरच बोलतात. मग तिने मिळवलेलं सगळं रद्द होतं आणि जिची खरी पाळी होती ती बाद.

वर्षा पहिल्यांदा पाचवी आली आणि बाद झाली. कुणी काही म्हटलं नाही. दुसऱ्यांदा आली, पुन्हा बाद. समोरच्या संघाच्या प्रशिक्षक बाई हातात यादी घेऊन शांत बसल्या होत्या. त्यांना पहिल्याच पाळीला कळलं होतं, हे मला नंतर समजलं.

सातव्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. आमच्या दोघी बाद झालेल्या. दोघी कोपऱ्यांवर उभ्या, एक दुसऱ्या आणि एक तिसऱ्या. वर्षा बॅट घेऊन आली. दुसऱ्याच चेंडूवर तिने असा फटका मारला की चेंडू मधल्या दोघींच्या मधून जमिनीलगत निघून गेला. तिसऱ्यावरची घरी आली, दुसऱ्यावरची धापा टाकत घरी आली. आम्ही जिंकलो. मुली मैदानात धावल्या. वर्षाला कुणीतरी उचललं. मीही धावले, तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते.

दीड मिनिट आम्ही जिंकलेलो होतो.

त्या बाई यादी घेऊन पंचांकडे चालत आल्या. घाई नाही, आरडाओरडा नाही. पंचांनी खिशातून आपली यादी काढली, वर्षाच्या पाठीवरचा नंबर पाहिला, धावांची नोंद ठेवणाऱ्या वहीवाल्याला विचारलं आणि हात वर केला. धावा रद्द. चौदा नंबर बाद. सामना संपला. त्या बाईंनी काही गैर केलं नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पंचांनी आमच्या कप्तानाला सांगितलं, यादीत पाचवी चौदा नंबर आहे. सगळ्यांनी वैशालीकडे पाहिलं. वैशालीने वर्षाकडे.

कपडे बदलायच्या खोलीत वैशाली म्हणाली, "तू मला सांगितलंस मॅडमनी क्रम बदलला. यादीत तर काहीच बदललेलं नाही."

"मॅडमनीच सांगितलं होतं," वर्षा म्हणाली.

"मग यादीत का नाही? तुला वर खेळायचं होतं ना? म्हणून तू..."

"नाही गं! विचार ना मॅडमना!"

मी दारात उभी होते. वर्षाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या पंधराजणींनी पाहिलं. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं : यादी मी चुकीची भरली. मी म्हटलं, "झालं ते झालं. आता कुणी कुणाला बोलायचं नाही. विषय इथेच संपवा."

मुलींना वाटलं, मॅडम वर्षाला सांभाळून घेत आहेत.

परतीच्या गाडीत वैशाली एका टोकाला बसली, वर्षा दुसऱ्या. भुसावळ येईपर्यंत मी तीन वेळा उठले आणि तीन वेळा पुन्हा बसले. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी मुलींना शिकवत आले होते की चेंडू सुटला तर हात वर करून 'माझा' म्हणा. आठवड्याभराने विद्यापीठाला अहवाल द्यायचा होता. त्यात मी लिहिलं : "फलंदाजीच्या क्रमाबाबत खेळाडूंमध्ये झालेल्या गैरसमजामुळे निर्णायक सामना गमवावा लागला." हेच ते वाक्य. त्यात 'खेळाडूंमध्ये' हा एकच शब्द जादा आहे. बाकी सगळं खरं.

दुसऱ्या वर्षी निवड समितीची बैठक जळगावला होती. आम्ही पाचजण. वर्षा शेवटच्या वर्षाला होती आणि कप्तानपदासाठी तिच्याखेरीज दुसरं नाव असायला नको होतं. वैशालीने निवड चाचणीचा अर्जच भरला नव्हता. समितीतल्या एका सरांनी मागच्या वर्षीचा अहवाल उघडला.

"ही वर्षा पाटील म्हणजे तीच ना, क्रम चुकवणारी? हिला कप्तान करायचं?"

दुसरे म्हणाले, "खेळाडू चांगली आहे, पण डोकं शांत हवं कप्तानाचं."

अध्यक्षांनी पेन उचललं. त्यांनी दुसरीचं नाव लिहायला सुरुवात केली असती तर मी बहुधा गप्पच राहिले असते, हेही लिहून ठेवते. पण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही होतात ना तिथे?"

मी म्हटलं, "होते. यादी मी भरली होती. नंबर मी चुकवले. तिला पाचवी जा म्हणून मीच सांगितलं होतं."

एक सर हसून म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, वर्ष झालं. कशाला उकरून काढता?"

"अहवालात खेळाडूंचं नाव आहे. ते चुकीचं आहे. नोंद करून घ्या."

अध्यक्ष सरळ माणूस होते. त्यांनी नोंद करून घेतली, वर्षाचं नाव कप्तान म्हणून लिहिलं, आणि पेन खाली न ठेवताच म्हणाले, "मग यंदा संघाबरोबर दुसऱ्या कुणाला पाठवू. तुम्हाला चालेल?"

चालेल म्हटलं. चाललं नव्हतं. तो संघ मी तीन वर्षं घडवला होता आणि तो या वेळी पोचणार हे मला दिसत होतं. पण नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

वर्षा मैदानावर होती, एकटीच भिंतीवर चेंडू टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती चेंडू हातात फिरवत ऐकत राहिली. चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मी घरी सांगितलं होतं, मॅडमनीच सांगितलेलं. आबा म्हणाले, मग मॅडम बोलल्या का नाहीत? तुलाच नीट ऐकू आलं नसेल. वर्षभर मी रोज आठवून बघत होते, तुम्ही काय म्हणाला होतात. शेवटी शेवटी मलाच खात्री वाटेना."

"मी आबांना भेटून सांगते."

"आबांना मी सांगेन. तुम्ही वैशालीला सांगा." मग तिने भिंतीवर एक चेंडू टाकला. "माझ्या समोर बसायला ती लागते मॅडम. दुसरी कुणी नाही चालणार."

मी दुसऱ्या दिवशी नरडाण्याला गेले. वैशालीची आई ओट्यावर मशीन टाकून शिवत होती. "बठा ना मॅडम, चहा ठेवस. ती कारखानामा जास आते. चार वाजता यी." औद्योगिक वसाहतीत एका ठिकाणी पाकिटं भरायचं काम ती सुट्ट्यांत करत होती. चार वाजता आली. मला पाहून दारातच थांबली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर लांबण लावली असती.

वैशाली माझ्याशी नेहमी शुद्ध बोलायची. त्या दिवशी घरच्या बोलीत बोलली. "तुम्ही त्याच दिन काबर नही सांगं?"

काबर, म्हणजे का.

"भीती वाटली."

"कोनी?"

"तुमचीच. तुम्ही पंधराजणी माझ्याकडे बघत होतात."

तिने पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला. आईने मशीन थांबवलं होतं. वैशाली म्हणाली, "मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं मॅडम. वर्षभर तिचे फोन नाही घेतले. आता काय तोंडाने जाऊ?"

"ती तुलाच बोलावते आहे."

"ती बोलावेल. मला बोलता येणार नाही तिच्याशी."

मी म्हटलं, "बोलू नकोस. मागे बसून खुणा कर."

मला वाटत होतं, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी बोलतील. नाही बोलल्या. वैशालीची निवड समितीला विनंती करून उशिराने झाली. शिबिर धुळ्यात होतं, आणि शिबिरापुरती मी होते. तीन आठवडे त्या दोघी बोटांवर खेळल्या. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. वर्षा टाकायची, वैशाली अडवायची, चेंडू परत द्यायची. जेवायला वेगवेगळ्या पंगतीत. नव्या मॅडम, ज्या माझ्याऐवजी जाणार होत्या, त्या मला म्हणाल्या, "यांच्यात काही झालंय का?" मी त्यांना सगळं सांगितलं. एव्हाना ते सांगायची मला सवय झाली होती.

एकदाच काय ते घडलं. वर्षाचा एक चेंडू जमिनीवर टप्पा पडून वैशालीच्या गळ्याशी बसला. ती मागे पडली. वर्षा धावत गेली, गुडघ्यावर बसली. "लागलं का गं?" वैशालीने मान हलवली. वर्षाने तिला हात देऊन उठवलं आणि परत आपल्या जागी गेली. मी दुरून पाहत होते. इतक्यात ही गाठ सुटणार नाही, असं मला वाटलं.

संघ गेला तेव्हा मी जळगाव स्टेशनवर निरोप द्यायला गेले नाही. गेले असते तर मुलींना अवघड झालं असतं, आणि मलाही. घरी राहून मोबाइलवर निकाल येतात का बघत होते. पहिला सामना जिंकल्या. दुसरा जिंकल्या. तिसरा हरल्या. त्या वर्षीच्या स्पर्धेत एक हार चालत होती, दुसरी नाही. चौथ्या दिवशी दुपारभर काहीच आलं नाही. मी गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या. पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घातल्या.

पाच वाजता फोन वाजला. वर्षा होती. मागे एवढा गलका की तिला ओरडावं लागत होतं.

"मॅडम! आलो चारांत! देशपातळीवर जातोय!"

आमच्या विद्यापीठाच्या मुली पहिल्यांदा तिथे गेल्या त्या वर्षी. अहवालात व्यवस्थापक म्हणून नव्या मॅडमचं नाव आहे, आणि ते योग्य आहे. देशपातळीवर आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. तेही अहवालात आहे. वर्षा आता रावेरला शाळेत खेळ शिकवते. वैशाली पोलिसात आहे. आबा जाण्याआधी एकदा मला भेटले होते. बोल लावला नाही. "आमची पोरगी खोटं बोलत नही," एवढंच म्हणाले आणि केळीचा एक घड गाडीत ठेवायला सांगितला. मी अभिनंदनाच्या पुष्कळ सभांना गेले आहे, पण मला सगळ्यांत लक्षात राहिला तो हा माणूस.

पण त्या संध्याकाळचं सांगत होते. वर्षाला मी विचारलं, शेवटचा सामना कसा झाला. ती सांगायला लागली आणि मधेच थांबली. "थांबा मॅडम, वैशालीला द्यायचाय फोन. ती मागतेय."

फोन हातातून हातात गेला. मग वैशालीचा आवाज, घसा बसलेला.

"मॅडम, यादी नव्या मॅडमनी भरली. पंचांना द्यायच्या आधी आम्ही दोघींनी वाचली. तिने नावं वाचली, मी नंबर वाचले. मोठ्याने."

मी म्हटलं, "बरं केलंत."

आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. पण तोवर फोन पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला होता आणि सगळ्याजणी एकदम बोलत होत्या.